बाजारात, मोर्चात बाईट (बातमीसाठी लोकांचं बोलणं) घ्यायला कोणता माईक?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या बातम्यांच्या चॅनेलसाठी शुअरचा एसएम ५८ माईक घ्यावा की ओम्नी बूम, म्हणजे सगळ्या बाजूंचा आवाज घेणारा, हातात धरायचा मुलाखतीचा माईक, आणि ओम्नी घेतला तर गोंगाट सगळाच आत येईल का. माझं मत ठाम आहे, ओम्नी डायनॅमिकच (चुंबक आणि कॉइलवर चालणारा, वीज न लागणारा) घ्या. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई ५० किंवा शुअरचा एसएम ६३, दोन्ही याच कामाचे आहेत.

एसएम ५८ उत्तम माईक आहे, १९६६ पासून स्टेज गाजवतोय. पण तो कार्डिऑइड, म्हणजे समोरचं घेणारा आणि मागचं टाळणारा. स्टेजवर मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) माईकच्या पाठीमागे असतो, तिथे हे फायद्याचं. कांद्याच्या लिलावात मात्र तुम्ही शेतकऱ्याच्या तोंडाकडे माईक धरता, तेव्हा त्याच्या पाठीमागचे ट्रॅक्टर आणि लिलावाचा पुकारा माईकच्या समोरच येतात. टाळला जातो तो तुमचा स्वतःचा प्रश्न! मग दर वाक्याला माईक इकडून तिकडे फिरवत बसायचं, आणि जरा उशीर झाला की उत्तराचा पहिला शब्द गेला.

शिवाय कार्डिऑइडच्या कॅप्सूलला (माईकच्या आवाज पकडणाऱ्या भागाला) मागून हवा शिरायला फटी ठेवलेल्या असतात. त्यामुळे वारा आणि हात घासल्याची खरखर जास्त ऐकू येते. माणूस माईकच्या फार जवळ आला की आवाज जाडही होतो. ओम्नीचा पडदा आवाजाला एकाच बाजूने उघडा असतो, म्हणून वारा आणि खरखर कमी, आणि जवळ आल्यावर आवाज फुगत नाही. आरई ५० मध्ये तर कॅप्सूल आतल्या आत धक्के शोषणाऱ्या आधारावर बसवलेली असते.

मग गोंगाटाचं काय? तो अंतराने आटोक्यात येतो. तोंडापासून ३० सेंमीवर धरलेला माईक १५ सेंमीवर आणलात की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मागचा कलकलाट आहे तेवढाच राहतो. हनुवटीच्या जरा खाली धरा, म्हणजे 'प', 'फ'चे फटकारे थेट बसत नाहीत. आणि कितीही मोठा नेता असला तरी बूम त्याच्या हातात देऊ नका. अंतर त्याच्या मर्जीवर जातं, मध्येच प्रश्न विचारायची सोयही जाते.

मोबाईलवर रेकॉर्ड करणार असाल तर इथे नीट लक्ष द्या. डायनॅमिक माईकचा सिग्नल फार बारीक असतो, त्याला ५० ते ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) लागतो. नुसती एक्सएलआर (माईकची तीन पिनांची जोडणी) ते ३.५ मिमी केबल लावून भागत नाही, आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि वाढवला की सूं-सूं. प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) असलेला, माईक मोबाईलला जोडणारा छोटा इंटरफेस घ्या, किंवा एक्सएलआर इनपुटचा रेकॉर्डर. त्यातही प्रीअँप बेताचा असेल तर आरई ५० चा निओडिमियम प्रकार घ्या, त्याचं आउटपुट जास्त आहे. फँटम पॉवर (केबलमधून माईकला दिली जाणारी वीज) लागत नाही, बंदच ठेवा.

चॅनेलचा क्यूब (नाव-लोगोचा चौकोनी ठोकळा) लावणार असाल तर लांब दांडीचा आरई ५० एल किंवा एसएम ६३ एल मागवा. साध्या दांडीवर क्यूब बसवला की पकडायला जागा कमी उरते.