आप्पांना लंडन आवडलं नाही का?

"मॅडम, आई-आप्पांना एवढ्या हौसेनं लंडनला आणलं, पण त्यांना इथं कशाचंच काही वाटंना. माझंच काही चुकायलंय का?"

विचारणारा मुलगा औसा तालुक्यातला, सहा वर्षांपासून तिकडं. जूनअखेरीला समुपदेशनासाठी व्हिडिओ कॉलवर आमचं पहिल्यांदा बोलणं झालं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायला घरच्यांची परवानगी आहे.) लातुरात बसून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकते, की त्याचा तो एक दिवस नीट सांगावासा वाटला.

शनिवार होता आणि सकाळपासून भुरभुर. वेस्टमिन्स्टरचा पूल, ब्रिटिश म्युझियम, दुपारी युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी जेवण, संध्याकाळी टॉवर ब्रिज, असा महिनाभर आधी ठरवलेला बेत. आई दिवसभर "भूक नाही" म्हणत राहिल्या. डोशाचे दोन घास खाल्ले, पाण्याला हात लावला नाही. आप्पा गप्पच. घरी आल्यावर त्यांनी गावाकडं फोन लावला, "पडला का?" एवढंच विचारलं आणि झोपले. सुनेच्या डोळ्यांत पाणी, मुलगा रात्रभर जागा.

आप्पा दिवसभरात एकदाही बोलले नाहीत का, मी विचारलं. बऱ्याच वेळानं त्याला आठवलं. "पुलावर म्हणाले होते, ही नदी उलटी वाहायलीय रे. मी म्हणालो, चला आप्पा, उशीर होतोय."

आप्पांचं खरं होतं. वेस्टमिन्स्टरपाशी थेम्सला भरती-ओहोटी असते; दिवसातून दोनदा समुद्र आत चढतो आणि प्रवाह फिरतो. सहा वर्षं त्या पुलावरून ये-जा करणाऱ्या मुलाला हे दिसलं नव्हतं. मांजरा नदीच्या काठी जन्म गेलेल्या, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना पाहिलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत दिसलं.

आणि ते गप्प होते, कारण गावाकडं सोयाबीनची पेरणी अडली होती. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पडतो, लातूरपेक्षा कमीच, पण बारा महिने थोडा थोडा. डोक्यावर पाऊस पडत होता आणि तो आपल्या वावरात नव्हता. मुलाच्या शिक्षणात दीड एकर गेल्यावर उरलेलं वावर ते.

आईंशी मी एकटीच बोलले. "भूक लागती की. पण पाणी पिलं की जावं लागतंय, गारठ्यात तर जास्तीच. कुठं जावं, कुणाला इचारावं?" गारठ्यात लघवीला जास्त होते, हे खरंच आहे. आपल्या कितीतरी आया परगावी अशाच तहानलेल्या फिरतात. पोराला हे सांगायची लाज वाटते आणि घरचे म्हणतात, तिला तिथलं जेवण आवडलं नाही. म्हणून मी हा प्रश्न प्रत्येक घरात विचारते.

मुलाला म्हटलं, एका दिवशी एकच ठिकाण ठेव. पोचल्या पोचल्या सुनेनं आईंना बाथरूम दाखवावं. गावाकडचा फोन सकाळी चहाबरोबरच होऊ दे. आणि आप्पा जिथं थांबतील तिथं थांब.

"एवढंच?" तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, त्या दीड एकराचं काहीतरी फेडावं वाटतं हो." हेच त्या शनिवारच्या बेतात कोंबलेलं होतं. मी त्याला म्हटलं, हे आप्पांना सांगितलंस का कधी? नव्हतं सांगितलं. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो.

नंतरच्या एका शनिवारी पुन्हा पाऊस होता. भरतीची वेळ बघून चौघं त्याच पुलावर गेले. आईंनी आडोशाला बसून डब्यातलं धपाटं खाल्लं, वर गरम चहा घेतला. आप्पा पाऊण तास कठड्याला टेकून उभे, मुलगा शेजारी. ओहोटी मंदावली, पाणी जरा वेळ निवांत झालं आणि हळूहळू उलटं चढू लागलं. तेव्हा आप्पांनी गावाकडं भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल नदीकडं धरला.

"बघ," ते म्हणाले, "समिंदर वर यायलाय."