मन खातंय, म्हणजे मी चुकतेय का?

‘मॅडम, चुकत नसेन तर मन का खातं?’ समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. ओळख बदलून एका ताईंची गोष्ट सांगते. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकीचं लग्न ठरलेलं. लेकीचा हट्ट, पहिली हळद आईनेच लावायची. ताईंनाही तेच हवं होतं. पण नुसत्या कल्पनेने हात थरथरायचे, पाप केल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी तर अबोला धरला होता.

त्यांचं म्हणणं काय? आधी म्हणे, शास्त्रात नाही. गुरुजी ‘हरकत नाही’ म्हणाल्यावर, लोक नावं ठेवतील. व्याही आनंदाने तयार झाल्यावर, आपल्यात नसतं. एक कारण गळलं की दुसरं हजर! मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २००१ साली हेच मांडलं: बऱ्याचदा भावना आधी निवाडा करून मोकळी होते, कारणं मागाहून गोळा होतात. अशा वेळी वाद घालून काही हाती लागत नाही.

ताईंना मी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचा प्रयोग सांगितला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ रसात बुडवून काढलं, तर अपाय नाही हे कळूनही लोकांना तो रस नकोसा झाला. मग विचारलं, ‘तुम्ही हळद लावलीत तर नुकसान कुणाचं?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. ‘कुणाचंच नाही. नाही लावली तर लेकीला वाईट वाटेल.’

कुणाला टाकून बोललो की मन खातं, तेव्हा दुखावलेलं माणूस समोर असतं. इथे तसं कुणीच नव्हतं. लहानपणी प्रत्येक कार्यात विधवा काकूंना आतल्या खोलीत बसवलेलं ताईंनी पाहिलं होतं, ती टोचणी तिथली होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. पण ठराव झाला म्हणून मन लगेच ऐकत नाही. ताईंना स्पष्ट सांगितलं, हळद लावताना अपराधी वाटेल, वाटू दे. हात मागे घेऊ नका.

सासूबाईंनाही एकदा बोलावलं. ‘भीती कसली वाटते?’ एवढंच विचारलं आणि त्यांना रडू फुटलं. मुलगा गेला त्या वर्षी घरच्या कुलाचारात खंड पडला होता, तो दोष त्या अजून स्वतःवर घेत होत्या. आता नातीचंही काही वाईट होईल ही धास्ती. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं!

ताईंनी हळद लावली. सासूबाई मांडवात आल्या, पण लांब बसल्या. त्या आता एकट्याच माझ्याकडे येतात, मुलाबद्दल बोलायला.