कोळशाच्या शेगडीवर पनीर टिक्का जाळीला चिकटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला गच्चीवर शेगडीवर पनीर आणि चिकन भाजता, जाळीला भरपूर तेल लावता, तरी उलटताना मसाला जाळीवरच राहतो आणि चिमट्यात पांढरं पनीर येतं. तेल कमी पडत नाहीये, जाळी पुरेशी तापत नाहीये.

पनीर, चिकन, मासे हे सगळे प्रथिनांचे पदार्थ. कोमट लोखंडावर ओला तुकडा ठेवला की प्रथिनं धातूला घट्ट धरतात. जाळी कडकडीत असेल तर खालचा ओलावा झटकन उडतो, खरपूस पापुद्रा धरतो आणि मग तुकडा आपणहून सुटतो.

म्हणून कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत थांबा, 25-30 मिनिटं लागतात. बाफल्यांसाठी (माळव्यातले कणकेचे भाजलेले गोळे) गोवऱ्यांचा धूर संपून निखारे होईपर्यंत थांबतोच ना, तसंच. मग रिकामी जाळी 10 मिनिटं तापवा. तळहात जाळीपासून 10-12 सेंटिमीटर वर धरा. 2-3 सेकंदांत मागे घ्यावा लागला की जाळी तयार. थंडीत गच्चीवर वारा असतो, जाळी भराभर निवते, तेव्हा शेगडी कठड्याच्या आडोशाला ठेवा.

जाळी तापलेली असतानाच फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासा. मागच्या वेळचा जळका मसाला नव्या मसाल्याला हमखास पकडतो. तारेचा ब्रश नकोच, तुटलेली तार खाण्यात जाऊ शकते.

तेल आता लावायचं. आपल्याकडे घरोघरी असतं ते सोयाबीन रिफाइंड उत्तम, ते साधारण 230 अंशांपर्यंत धुरकटत नाही. अर्धा कांदा काट्याला टोचा, तेलात बुडवून निथळा आणि जाळीवर दोन-तीनदा फिरवा. तेल टपकता कामा नये: टपकलं की आगीचा भडका आणि तुकड्यांवर काजळी. थंड जाळीवर ओतलेलं तेल तर हळूहळू तापत चिकट राळेसारखं होतं. बटर फक्त शेवटी, ते लवकर जळतं.

मसाला हे निम्मं काम आहे. पातळ दही घातलं की पाणी सुटतं, तुकडा भाजण्याऐवजी शिजतो आणि चिकटतो. 250 ग्रॅम पनीरला 4 मोठे चमचे चक्का, 1 मोठा चमचा कोरडं भाजलेलं बेसन आणि 1 मोठा चमचा तेल घ्या. मीठ भाजायच्या थोडं आधी. पनीर आधी फडक्याने टिपून कोरडं करा, जाळीवर ठेवताना जास्तीचा मसाला निपटून काढा. मध किंवा साखर असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत वरून लावा, नाहीतर तीच डिंकासारखी धरते.

ठेवल्यावर तीन मिनिटं हात लावू नका. मग पातळ उलथणं एका कडेखाली सरकवून बघा. ओढ लागली तर जबरदस्ती नको, अर्धा मिनिट थांबा. चिकनला थोडा जास्त वेळ द्या. मासा सालीच्या बाजूने आधी.

एक मात्र तपासाच: हार्डवेअरच्या दुकानातली पत्र्यासारखी चकचकीत जाळी बहुधा जस्ताच्या मुलाम्याची असते. दही-लिंबाच्या आंबटपणाने जस्त खाण्यात उतरतं. स्टीलची किंवा बिडाची जाळी घ्या. बिडाची असेल तर भाजणं झाल्यावर गरम असतानाच घासून तेलाचा पुसट हात फिरवून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाही.