बेडरूममध्ये शांत वाटावं म्हणून लाईट कशी असावी? फॉल्स सीलिंग करून त्यात स्ट्रिप आणि डाउनलाईट घ्यावेत का?

फॉल्स सीलिंगचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या प्रश्नांकडे मी फिरकत नाही. नका करू. झालं उत्तर. आता का ते सांगतो, थोडं लांबेल.

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. चिऱ्याचं, कौलारू, आजोबांनी बांधलेलं. माझा थोरला भाऊ मुंबईला असतो, वर्षातून दोनदा येतो, शिमग्याला आणि गणपतीला, आणि दोन्ही वेळा घरात काहीतरी सुधारणा सुचवून जातो. 2019 च्या शिमग्यात त्याने ठरवलं की समुद्राकडची खोली होमस्टेला द्यायची आणि त्यासाठी तिला हॉटेलसारखा लूक पाहिजे. मे महिन्यात कौलांखाली पीओपी मारून झालं, कडेने स्ट्रिप आणि मध्ये सहा डाउनलाईट, प्रत्येकी 12 वॉटचे, 6500 केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी असेल तर पिवळा, जास्त तर पांढरा-निळसर), पांढरेफेक. खोली दहा बाय बाराची! साधारण 9 वॉटचा एलईडी म्हणजे जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब, तेव्हा हिशोब करा, दादाने त्या एवढ्याशा खोलीत जुने आठ बल्ब एकदम पेटवले. आई दारातूनच म्हणाली, "ऑपरेशन कुणाचं आहे?"

त्या खोलीत एक काचेचं कौल होतं. दुपारी त्यातून कवडसा पडायचा, तो सरकत सरकत पलंगाच्या पायाला लागला की आई चहाचं आधण ठेवायची, घड्याळाकडे बघायची नाही. पौर्णिमेच्या आसपास रात्री चांदणं यायचं. ते कौल सीलिंगच्या वर गेलं. मी बोललो तर दादा म्हणतो, "बटण दाबलं की उजेड, कौल कशाला पाहिजे?" आणि वर, "तुला अंधाराची आवड आहे, पाहुण्यांना नाही."

पहिल्याच मिरगाला गंमत कळली. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पाखरं, म्हणजे पंखवाले किडे, उठतात, आणि पांढऱ्या उजेडावर ती जेवढी तुटून पडतात तेवढी पिवळ्यावर पडत नाहीत, हे गावातलं पोरही सांगेल. सगळी डाउनलाईटच्या भोकांतून आत, सकाळी चादरीवर नुसते पंख. मग सीलिंगच्या वर उंदीर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पीओपीला बुरशी येणारच, आली. खारी हवा दिव्यांना वीज पुरवणाऱ्या त्या छोट्या ड्रायव्हर डब्यांना मानवली नाही, गणपतीपर्यंत दोन दिवे मिचकावायला लागले. दिवाळीत पुण्याचे एक काका उतरले होते, सकाळी पोहे खाता खाता म्हणाले, "खोली छान आहे हो, पण लाईट बंद केली की काळोख आणि लावली की दुकान, मधलं काही नाही का?" तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या वाक्यात आहे, मी ते दादाला तसंच्या तसं फोनवर सांगितलं, त्याला राग आला.

मग 3 जून 2020, निसर्ग वादळ. दुपारी अर्ध्या तासात कौलं पत्त्यांसारखी उडाली, परसातल्या पोफळी आडव्या, आणि ते पीओपी भिजून भिजून शेवटी पलंगावर बसलं. माणसं माजघरात होतो म्हणून वाचलो. नंतर महिनाभर लाईट नाही. फोन कुणाच्या तरी जनरेटरवर चार्ज करायचा आणि रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, चढायचं.

त्या महिन्यात कंदील निघाला. रॉकेल मिळणं कठीणच, आईने कुठूनतरी दोन बाटल्या जपून ठेवलेल्या. कंदील लावणं हे आईचं काम, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. काच राखेने घासून मग कोरड्या फडक्याने पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित उडवायचे, नाहीतर ज्योत शिंगं काढते आणि काच काळी पडते. जेवणं झाली की वात खाली करून कंदील जमिनीवर, कोपऱ्यात, दाराशी. भिंतीवर खालून वर जाणारा तांबूस उजेड आणि वरचं सगळं अंधारात. मला एरवी बारा-साडेबारापर्यंत झोप नाही, त्या दिवसांत नऊ वाजता डोळे मिटायचे. दादाचं म्हणणं, दिवसभर कौलं चढवून दमायचास म्हणून. असेल. पण दमून तर मी आधीही यायचो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं यात जादू काही नाही. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि त्यावर पिवळसर लेप (त्या निळ्या दिव्यासाठी 2014 चं नोबेल मिळालं, दिवा वाईट नाही हो, जागा चुकते). 6500 मध्ये निळा भाग जास्त. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या निळा उजेड दिसला की मेंदूला कळवतात दिवस आहे, आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, अडतं. ज्योतीचा उजेड 1900 केल्विनच्या आसपास, जुना बल्ब 2700. म्हणून खोक्यावर 2700 किंवा फार तर 3000 बघूनच घ्या. 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं असतं, पण आकडा बघा. आणि तो निळा झिरोचा बल्ब असेल तर आजच काढा, लोक शांत रंग म्हणून लावतात, उलटं आहे. ठेवायचाच तर लाल ठेवा.

खोली परत उभी करताना दादाशी सड्यावर जाऊन फोनवर तीन दिवस भांडण चाललं. तो म्हणे सीलिंग परत करू, या वेळी पीव्हीसीचं. मी म्हटलं पैसे तू देतोस पण पंख मी झाडतो. शेवटी वर कौलं आणि वासे तसेच उघडे, काचेची कौलं एकाची दोन केली, भिंती आतून पांढऱ्या, आणि पलंगाच्या दोन्ही अंगाला भिंतीवर 5 वॉटचे दोन पिवळे दिवे, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येतील एवढ्या उंचीवर, आणि दिवा स्वतः दिसणार नाही असं कापडी झाकण. उजेड भिंतीवर पडून परत यायला पाहिजे, डोळ्यांत थेट नाही. बटण पडल्या पडल्या हाताला लागेल असं. एक दारात, एक उशाशी, टू-वे, म्हणजे कुठूनही चालू-बंद होणारं. एवढं केलं तरी अर्धं काम झालं, उठून लाईट बंद करावी लागणं यासारखा झोपेचा खेळखंडोबा नाही. करवंटीला भोकं पाडलेले लॅम्प मात्र लावू नका, सगळे होमस्टेवाले लावतात, भिंतीला गोवर आल्यासारखं दिसतं.

तुमच्या स्ट्रिपचं राहिलं. पलंगाच्या मागे लपवून, पिवळी, एकच रंग, चालेल. रंग बदलणारी घेतलीत तर चार दिवस पोरं खेळतील आणि मग खोलीची पानपट्टी. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवा असेल तर बल्बही डिमरवर चालणाराच घ्या, नाहीतर फडफडतो. भाड्याचा फ्लॅट असेल तर यातलं काहीच न करता एक टेबल लॅम्प आणा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं, दादा हे वाचेल म्हणून सांगतोच. मागच्या पावसाळ्यात बाबा त्या खोलीत झोपले होते, रात्री बाथरूमला उठले आणि माझ्या त्या शांत उजेडात त्यांना उंबरा दिसला नाही. गुडघा फुटला, मोतीबिंदू होता. म्हाताऱ्या डोळ्यांत उजेड कमी शिरतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तेव्हा घरात वयस्कर कुणी असेल तर वाटेवर, घोट्याच्या उंचीवर एक छोटा पिवळा दिवा रात्रभर पाहिजेच. कपाटापाशी आणि वाचायला वेगळा दिवा घ्या, पिवळ्या उजेडात मी दोनदा निळा समजून काळा मोजा घालून गेलोय. आणि कंदिलाचं वाचून कुणी बंद खोलीत कंदील लावून झोपू नका, आमच्याकडे तेव्हा अर्धं छप्परच नव्हतं.

दादाचे सहा डाउनलाईट माळ्यावर पडून आहेत, चार चालू आहेत. दापोलीकडचं कुणाचं दुकान असेल तर घेऊन जा, फक्त बेडरूमला लावू नका.