शंका-समाधान : मागावरचे पुठ्ठे आणि संगणक

प्रश्न : आमचे महिला मंडळ हिवाळ्यात ग्वाल्हेरहून चंदेरीला गेले होते. तेथे एका विणकराच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसली. ‘काठाची नक्षी या पुठ्ठ्यांतच आहे,’ असे त्यांनी सांगितले. अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा म्हणतो की, संगणकाचा जन्म याच पुठ्ठ्यांतून झाला. हे कितपत खरे मानावे?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे निराधार नाही, मात्र त्यात मधला एक मोठा टप्पा गळला आहे.

आपण पाहिलेली रचना फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांच्या नावाने ओळखली जाते. छिद्रांच्या कागदाने माग चालविण्याचे प्रयोग त्या देशात अठराव्या शतकातच झाले होते. जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास त्यांना भरवशाचे रूप दिले. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठा असतो. विणकराने पायाखालची पट्टी दाबली की, तो पुठ्ठा आडव्या सुयांच्या रांगेवर येऊन टेकतो. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा (हूक) जागेवर राहतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, नेमके धागे वर उचलले जातात; जेथे छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा बाजूला सरतो आणि धागे खालीच राहतात. मधून आडवा धागा नेणारा धोटा जातो आणि पुढचा पुठ्ठा समोर येतो. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यतांतून वेली, कोयऱ्या, बुट्टे उमटतात, ही मानवी बुद्धीची केवढी झेप आहे!

तरीही हा माग स्वतः काहीही ठरवीत नाही. पुठ्ठे ज्या क्रमाने ओवले असतील त्याच क्रमाने तो चालतो. चार्ल्स बॅबेज यांनी लंडनमध्ये १८३० च्या दशकात गणिते करणाऱ्या आपल्या विश्लेषक यंत्राचा आराखडा करताना जॅकार्डचे पुठ्ठे उचलले, पण त्यात एक विलक्षण भर घातली : हाती आलेले उत्तर पाहून यंत्राने पुठ्ठ्यांची माळ मागे फिरवावी किंवा काही पुठ्ठे ओलांडून पुढे जावे. संगणकाचे मूळ दाखवायचे झाल्यास मी बोट ठेवीन ते याच कल्पनेवर. इंग्लंडमधील गणिती एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये या यंत्रावर बर्नुली संख्या (गणितातील एक संख्यामाला) काढण्याची पायरीवार रीत प्रसिद्ध केली; यंत्र मात्र बॅबेज यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

मोजणीसाठी पुठ्ठा मोठ्या प्रमाणावर कामाला लागला तो अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रात पुठ्ठ्यावर टाचण्या दाबल्या जात. छिद्रातून आरपार गेलेली टाचणी खालच्या वाटीतील पाऱ्याला टेकली की, विजेचे मंडल पुरे होई आणि तबकडीवरचा आकडा एकाने वाढे. म्हणजे येथे पुठ्ठा आज्ञा देणारा नसून माहिती साठविणारा झाला. हॉलरिथ यांची कंपनी पुढे ज्या संस्थेत विलीन झाली, तिलाच १९२४ पासून आयबीएम हे नाव आहे.

बॅबेज यांची भर किती मोलाची होती, हे १९४१ मध्ये पुन्हा दिसले. बर्लिनमध्ये कॉनराड त्सूझ यांनी उभारलेले झेड-३ हे यंत्र छिद्रे पाडलेल्या फिल्मवरून आज्ञा वाचून आपोआप गणिते करीत असे, पण उत्तर पाहून वाट बदलण्याची आज्ञाच त्यात नव्हती. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या अमेरिकी संगणकात ती सोय होती. मात्र नवे गणित घालायचे म्हणजे तारांची जोडणी बदलावी लागे. आज्ञा यंत्राच्या स्मृतीतच साठवून त्या चालविण्याचे काम इंग्लंडमधील मँचेस्टरच्या छोट्या प्रायोगिक यंत्राने २१ जून १९४८ रोजी करून दाखविले. तेव्हा आपल्या भाच्याला अवश्य सांगावे की, पुठ्ठ्याने संगणकाला लिपी दिली, विचार मात्र दुसरीकडून आला.

प्रश्न : भारतात पहिला संगणक कोठे आला? – एक विद्यार्थी, ग्वाल्हेर

उत्तर : कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आणण्यात आला. आपल्याकडे घडविलेला टिफ्रॅक हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने तो उभारला होता.