अंदमानला जाताय? तिकीट काढण्याआधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय की हिवाळ्यात सहा दिवस अंदमानला जायचंय, घरात पोहता कोणालाच येत नाही आणि टूरवाल्याने पंधरा ठिकाणांची यादी हातात दिलीय, तर त्यातलं काय करावं आणि काय गाळावं.

यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दिनदर्शिका काढा. अंदमानात तुम्हाला काय दिसणार हे बरंचसं भरती-ओहोटीवर ठरतं. जमत असेल तर सहल अमावस्येच्या आसपास बसवा. तेव्हा उधाण असतं. भरती मोठी येते, तसंच ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेला खडक उघडा पडतो. शिवाय रात्री काळोख मिळतो. तो कशाला हवा, ते पुढे सांगतो.

उघड्या पडलेल्या खडकासाठी नीलला (शहीद द्वीप) जा. बहुतेक पॅकेजमध्ये नील दोन-तीन तासांत उरकतात, बोट येईल तेव्हा उतरायचं आणि फोटो काढून परत. मला हे अजिबात पटत नाही. तिथे एक रात्र राहा. लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर समुद्राने कोरलेली नैसर्गिक कमान आहे, पण खरी गंमत कमानीपर्यंतच्या वाटेवर आहे. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. एकेका खळग्याशी उकिडवं बसून बघा. काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी) पडलेल्या असतात, बोटभर लांबीचे पट्टेरी मासे इकडून तिकडे पळतात, खडकात रुतलेल्या मोठ्या शिंपल्यांच्या जांभळ्या-निळ्या कडा दिसतात आणि आपली सावली पडली की ते शिंपले झटकन मिटतात. पोहता न येणाऱ्याला प्रवाळाची दुनिया इतक्या जवळून क्वचितच बघायला मिळते. तिथला वाटाड्या जरूर घ्या, त्यांची नजर तयार असते. मात्र फोटोसाठी कोणी प्राणी पाण्याबाहेर काढायला लागलं तर नको म्हणा. पायात घट्ट बसणारे बूट हवेत, चपला घसरतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या रात्रीच हॉटेलात विचारून ठेवा.

हॅवलॉकला (स्वराज द्वीप) दोन रात्री द्या. राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा असेल तर एक लक्षात ठेवा. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे दहा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला बुडतो. दुपारी जेवून झोपलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. लवकर उठा, लवकर बाहेर पडा, तिथला दिवस तसाच आहे.

पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, करता येतं. आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायला शिकवतात आणि पाण्याखाली पूर्ण वेळ तुम्हाला धरून ठेवतात. दम्याचा, कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसू नका, म्हणजे शेवटच्या दिवशी तो बेत नको. जेट स्कीसारखे खेळ मी गाळेन, ते कुठेही करता येतात.

आता काळोखाबद्दल. चंद्र नसलेल्या रात्री हॅवलॉकला खारफुटीच्या बाजूने कयाकिंगला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून फिरायला, नेतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले गेले की उजेड देतात. वल्हं मारलं की निळसर रेघ उमटते, हात बुडवला की बोटांभोवती ठिणग्या. चांदणं असेल तर हे जवळजवळ दिसतच नाही, म्हणून अमावस्येचा आग्रह.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेल घाईत बघू नका. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या, मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. कोठड्या एकूण ६९८. एका भुजेतल्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यांना एकमेकांचे चेहरेही दिसू नयेत. सावरकरांच्या कोठडीपाशी रांग असते आणि तिथून लोक परत फिरतात. तुम्ही मधल्या मनोऱ्यावरून गच्चीत जा. तिथून सुंदर निळा समुद्र दिसतो आणि कोठडीत मात्र उंचावरची एक झरोक्याएवढी खिडकी. हे लागोपाठ पाहिलं की काळं पाणी म्हणजे काय ते मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. रॉस बेट समोरच आहे, अर्धा दिवस पुरतो. इंग्रजांच्या पडक्या चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी धरून ठेवलंय.

बाराटांग मी सोडेन. चुनखडीच्या गुहा आणि तिथवर नेणारी खारफुटीतली खाडी सुरेख आहे, पण गाड्यांचा ताफा जारवा या तिथल्या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं गुन्हा आहे आणि तरीही गाडीत ‘दिसतील का?’ हीच कुजबुज चालते. माणसं बघायला जाणं मला मान्य नाही. तो वेळ नीलला द्या.

बोटी हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. किनाऱ्यावर मगरींची सूचना लावलेली असेल तर तिथे पाण्यात पाऊलही टाकू नका, जीवरक्षक सांगतील तिथेच उतरा. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मुलांनी खिशात काय भरलंय ते निघण्याआधी बघून घ्या.