तिसरा पट्टाही उलटला

प्रश्न : आमचा तीन सिलिंडरचा ३५ एचपी ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा. उन्हाळ्यात बॅटरी चार्ज करणारा डायनामो गेला, म्हणून जुन्या बाजारातून अल्टरनेटर आणून बसवला. तेव्हापासून दोन महिन्यांत तीन फॅन बेल्ट गेले. सुरू करताना किंचाळतो, रोटाव्हेटरला जुंपला की तासाभरात पट्टा पुलीतच उलटा होतो. कचकून आवळूनही पाहिला. सगळे म्हणतात, हल्ली पट्टेच बोगस येतात.
– एक वाचक, करमाळा

उत्तर : भाऊ, पट्ट्याला शिव्या घालण्याआधी स्वतःच्या पत्रातलं ‘तेव्हापासून’ पुन्हा वाचा. डायनामोचे कान (बोल्ट घालायच्या भोकांचे) वेगळे, अल्टरनेटरचे वेगळे. जुन्या ब्रॅकेटवर तो कसाबसा बसला असेल, पण पुली ओळीत राहिली नसणार. दोन सूत (पाव इंच) फरक आपल्याला दिसत नाही, पट्ट्याला मात्र दर फेरीला सोसावा लागतो.

इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा. क्रँकच्या आणि पंख्याच्या पुलीच्या खाचांमधून सुतळी ताणा आणि बाजूने एक डोळा मिटून बघा, अल्टरनेटरची खाच त्याच रेषेत येते का. नसेल तर कानाशी वायसर घालून किंवा काढून ती रेषेत आणा. बोल्टाचं भोक मोठं झालं असेल तर आधी त्यात बुश (धातूची नळी) बसवा, मग बाकी सगळं.

आता टॉर्च मारून खाचेचा तळ बघा. पट्टा खाचेच्या दोन बाजूंवर चालतो, तळाला टेकत नाही. तळ आरशासारखा चमकत असेल, तर एक तर पुली झिजलीय नाहीतर पट्टा अरुंद आहे. पट्ट्याचे माप बघा: ‘ए’ मापाचा पट्टा वर १३ मिमी रुंद, ‘बी’ १७ मिमी. जुन्या बाजारातल्या अल्टरनेटरवर भलतीच पुली असणं नवीन नाही.

मला खरी धास्ती आहे ती तुमच्या ‘कचकून’ची. त्यात वॉटर पंपाचं बेअरिंग जातं, आणि पंखा त्याच पंपाच्या दांड्यावर असतो. माझ्या एका गिऱ्हाइकाचा पंखा असाच रेडिएटरमध्ये घुसला, ऐन ऊसतोडीत. पात्याला धरून पंखा पुढे-मागे हलवा. खुळखुळला किंवा पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकलं, तर पंप उतरवावाच लागेल.

सगळं ठीक असेल तर नवा पट्टा टाका. लांब बाजूला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण चार सूत दबावा. टामीने (लोखंडी पहारीने) अल्टरनेटर ओढाल तेव्हा ती पुलीकडच्या कव्हरलाच लावा, मागच्या कव्हरला लावली तर ते तडकतं. दोन-तीन तास चालवल्यावर पुन्हा ताण बघा, कारण नवा पट्टा थोडा सैल पडतोच. आणि किंचाळणं थांबवायला पट्ट्याला साबण चोळायला सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, साबण बाथरूममध्येच राहू द्या.